छेदातलं पाणी

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … जरा मोठ्यानं बोला, इथं वारा सुटलाय, पत्रे वाजतायत… हो, हो, ओनोटोआची शाळाच ही. … मारेवेया बाईच बोलतेय. आपण कोण?

… आरोइता? कुठली आरोइता? … आपली? मागच्या बाकावर बसून पुस्तकाआड सुका मासा चघळणारी?

अगं बाई! शाळा सोडून किती वर्षं झाली गं तुला! … दहा? दहा झाली? … आता मोठी साहेबीण झालीस म्हणे. राजधानीत, तरावाला, परीक्षा कचेरीत. … अगं, तुझी आई सांगते ना, दर रविवारी, प्रार्थना संपली की. सगळ्या बेटाला पाठ झालंय, तुझ्या टेबलाला ड्रॉवर किती ते.

काय? … हळू का बोलतेस? … जिन्याखाली? कचेरी सोडून जिन्याखाली काय करतेस तू?

… बरं, बरं, नाही विचारत. बोल.

… अकरा पेपर. हो, आमचे अकराच. या वर्षी अकरा मुलं बसवली रसायनशास्त्राला. एरवी तीन, फार तर चार. अकरा! बाउरो हेडमास्तर तर रडायचेच बाकी होते. … हे काय, समोरच बसलेत. वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवतायत. गेल्या महिन्याचं आहे.

बाजूला काढलेत म्हणजे? … कौतुकानं बाजूला?

… काय?

पुन्हा बोल.

… कॉपी? माझ्या मुलांनी? आरोइता, शब्द जपून वापर. … तू नाही म्हणत, तुमची समिती म्हणते. मग त्या समितीला सांग, इथं एकेका बाकावर एकेक मूल होतं, मध्ये दोन-दोन हातांचं अंतर होतं. हातानं मोजलंय मी. वरून बाउरो काठी घेऊन फिरत होते! … मारायला नाही गं, कोंबड्या हाकलायला.

… अकराही पेपर रद्द? अकराही?

थांब. एक मिनिट. बसते मी.

… हं. बोल. कधी ठरणार? … अकरा वाजता? म्हणजे अर्ध्या तासात! … आणि तू मला हे सांगायला नको होतंस, कळलं. म्हणून जिना. … बरं केलंस पोरी. आता कारण सांग. कशावरून कॉपी?

… सातव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं सारखं आलं?

अगं, मग सारखंच यायला हवं ना! तो काय निबंध आहे? ‘माझा आवडता मासा’? समतोल स्थिरांक काढायचाय, अकरा मुलांनी अकरा काढले असते तर खूश झाले असते का तुमचे साहेब?

… सारखं चुकलंय? म्हणजे कसं चुकलंय? … थांब, खडू घेते. इथं फळाच नाही… अहो बाउरो, त्या वर्तमानपत्राचं एक पान आणि पेन्सिल द्या इकडे. … नाही, वाचायला नाही. समासात लिहायला. … हं, सांग. सातवा प्रश्न.

… व्हिनेगरचं आम्ल. पाण्यात. … अगदी सोपा. अगं, मी हा प्रश्न आंबलेली माडी समोर ठेवून शिकवते! आम्लातले थोडे कण तुटतात, त्यातले काही परत जुळतात. तुटायचा आणि जुळायचा वेग सारखा झाला की समतोल. मग जे तयार झालं ते अंशात, जे मुळात होतं ते छेदात. चौकोनी कंस विसरायचे नाहीत. … आठवतंय ना? … आठवणारच. एक कंस विसरलीस की शाळेला एक चक्कर मारायला लावायचे. तू कितीदा पळालीस!

आकडे दे. … आम्ल शून्य पॉइंट शून्य नऊ आठ सात. आयन, दोन्हीही, शून्य पॉइंट शून्य शून्य एक तीन. … हं. … हं. … तीन पॉइंट एक गुणिले दहाचा उणे सातवा घात.

… हेच लिहिलंय मुलांनी? सगळ्यांनी? … शाबास! बरोबर आहे की! … आरोइता? … हॅलो?



… मी छेदात काय घातलं? जे घालायचं ते घातलं. आम्लाचा कंस, आणि पाण्याचा कंस. पाणी पंचावन्न पॉइंट पाच. लिटरभर पाणी म्हणजे हजार ग्रॅम, भागिले अठरा. … हो, पंचावन्न पॉइंट पाच. सगळ्यांना पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी सांगतील.

… नाही म्हणजे? … पाणी लिहायचंच नाही?

कुणी सांगितलं तुला?

… सगळीकडे? सगळीकडे म्हणजे कुठे? … फिजीत, सुवाच्या विद्यापीठात. ऑकलंडला. सगळ्या पुस्तकांत. … हे बघ, त्या एस्टरच्या उदाहरणात पाणी लिहितात की नाही? आम्ल आणि अल्कोहोल, त्यांचं एस्टर आणि पाणी? लिहितात ना? मग? एका ठिकाणी पाण्याला मान आणि दुसऱ्या ठिकाणी…

… तिथं ते थोडं असतं म्हणून. आणि इथं खूप असतं म्हणून नाही लिहायचं.

हो. ते वाक्य ठाऊक आहे मला. पान एकशे बारा. ‘पाणी मुबलक असल्यामुळे ते हिशेबात धरीत नाहीत.’

… वाचलंय म्हणजे काय, वाचून हसले होते. अगं, तुझाच वर्ग होता तो. मोठ्या दुष्काळाचं वर्ष. टाकीला कुलूप, किल्ली बाउरोंच्या गळ्यात, माणशी एक बादली. विहिरीला तर खारट चव. त्यात मी हे वाक्य वाचून दाखवते, ‘पाणी मुबलक असल्यामुळे’. कुणीतरी उठून विचारलं, बाई, कुठं? … आठवतंय ना? … सगळा वर्ग हसला. मग रडलाही एक जण. त्याच्या घरी तान्हं मूल होतं.

तर मी काय म्हणाले? … हो. तेच म्हणाले. ज्यानं हे लिहिलंय त्याच्या घरी नळ असणार. आपण पाणी मोजायचं. पट्टी घ्या आणि त्या ओळीवर रेघ मारा.

… दर वर्षी. दर वर्षी मारायला लावते. नवीन पुस्तकं आली तरी पहिल्या दिवशी पट्टी, पान एकशे बारा.

मग काय चुकलं माझं? सांग ना. पाणी आहे तर ते मोजायला नको? एवढं पंचावन्न पॉइंट पाच, आणि छापणारा म्हणतो, धरू नका!

… काय करू? वजा करू? … कशातून काय? … पंचावन्न पॉइंट पाचातून शून्य पॉइंट शून्य शून्य एक तीन. … का? … बरं बाई, करते. तू आता माझी मास्तरीण.

… पंचावन्न पॉइंट चार नऊ आठ सात.

… हो, म्हणजे पंचावन्न पॉइंट पाचच. … अजून आम्ल घातलं तरी? … तरी तेच. … अर्धं घातलं तरी? … हं.

थांब. बोलू नकोस. मला बघू दे.

…

म्हणजे ते हलतच नाही. आम्ल किती तुटलं, किती जुळलं, पाणी आपलं जागच्या जागी. मग जे कधी बदलतच नाही ते दर वेळी वेगळं कशाला लिहायचं. ते स्थिरांकातच… पोटात घालून टाकलंय. एकदाच. … असंच ना?

म्हणजे ते पाणी मोजत नाहीत असं नाही. ते आधीच मोजून ठेवलेलं आहे.

… हो. हो गं. कळलं. … मग त्या मेल्यानं तसं लिहायचं ना! ‘मुबलक’ काय म्हणतो? ‘बदलत नाही’ म्हण! मुबलक म्हटल्यावर ओनोटोआत कुणाचं डोकं फिरणार नाही?

… नाही, मी रागावले नाहीये. … रागावलेय, पण तुझ्यावर नाही.

सगळ्या वर्गांना, आरोइता. दुष्काळापासून प्रत्येक वर्गाला. आणि कुणी ओरडलंही नाही! … हो, तेही खरं, पेपरात कायम वायूचेच प्रश्न यायचे. वायूत पाणी कुठून येणार. या वर्षीच मेलं व्हिनेगर आलं. आणि या वर्षीच मुलं अकरा.

एक विचारू? … तुला कधी कळलं?

… सुवाला. पहिल्या वर्षी. … सगळ्या वर्गासमोर? फळ्यावर? … काय म्हणाले ते सर? … ‘हे पाणी कुठून आणलंस?’ … आणि सगळे हसले.

अगं माझे बाई.

… आणि मला नाही सांगितलंस? नऊ वर्षं? सुट्टीत येतेस, माझ्या चटईवर बसून भात-मासे खातेस, आणि… … लाज वाटली? तुला कसली लाज? … माझी? माझी लाज तुला वाटली?

… नाही, बोल. ऐकतेय मी. … बाईंना कसं सांगायचं. … हं. … बाईंना कुणी काही सांगतच नाही, असं म्हण की सरळ. … नाही, नाही, खरं आहे ते. मी तरी कुठं ऐकून घेतलं असतं? तुलाच शाळेभोवती पळवलं असतं.

असू दे. किती वाजले? … वीस मिनिटं उरली. आता पुढचं बोल. या मुलांना कसं सोडवायचं?

… हं. … हं. … अध्यक्षांचं काय म्हणणं? … एकीनं लिहिलं आणि दहांनी तिच्यावरून उतरवलं. … त्या एकीचं नाव शाळेनं कळवलं तर दहा सुटतील. … आणि ती एक?

… कायमची बाद.

आणि ती एक कोण असणार, हे काही अध्यक्षांना स्वप्नात दिसायला नको. सगळ्यांत जास्त गुण जिचे, ती. राकेरा. … हो, तीच. ज्यांना तुम्ही पोरं नळकांड्या मास्तर म्हणायचात, त्यांची नात. सुवाला औषधशास्त्राला जायचंय तिला. दवाखान्यात औषधं द्यायला कुणी नाही इथं, नर्सताई गोळ्या देते त्याही रंगावरून, म्हणून ही पोरगी… … बाउरो, तुम्ही मान हलवू नका! दहा तर दहा, असं मनातसुद्धा आणू नका. दिसतंय मला वर्तमानपत्राआडून.

नाही. नाव देणार नाही. … आरोइता, तू सांगितलंस, तुझं काम झालं. आता मी सांगते ते ऐक. फोन घेऊन आत जा. त्यांच्या टेबलावर ठेव. म्हणावं, ओनोटोआच्या बाईंचा फोन आलाय. मीच केला. … तू केलास हे कशाला सांगायचं? तुझी नोकरी जाईल. … आणि माझी विद्यार्थिनी होतीस, हेही बोलू नकोस. तुझी शाळा कुठली ते कचेरीच्या कागदावर लिहिलं नाहीस ना? … लिहायला हवं होतं? … मग तर अजिबात बोलू नकोस.

… माझं काय व्हायचंय? … हो, बाउरो नाताळला निवृत्त होतायत. हो, खुर्ची मला मिळायची होती. … हे बघ, खुर्चीचा एक पाय तसाही मोडका आहे. जा आत.

… जा म्हटलं ना!

…

बाउरो, असे बघू नका माझ्याकडे. रडायला नंतर भरपूर वेळ आहे. त्या कपाटातून रसायनाची पुस्तकं काढा. सगळी. पान एकशे बारा उघडून ठेवा.

…

हॅलो? … हो, नमस्कार साहेब. मी मारेवेया. ओनोटोआ. … हो, ऐकू येतंय. … किती जण आहात आपण? … पाच. नमस्कार पाचांनाही.

साहेब, सातव्या प्रश्नाबद्दल. मुलांनी एकमेकांवरून काही घेतलेलं नाही. त्यांनी माझ्यावरून घेतलंय. … नाही, नाही, परीक्षेत नाही! वर्गात. मी शिकवलं तसं लिहिलं त्यांनी. मी चुकीचं शिकवलं.

… हो. चुकीचं. … पुन्हा सांगू? आवाज येत नाही का? मी, चुकीचं, शिकवलं. पाणी छेदात घालायला मी सांगितलं. … नऊ वर्षं. नाही, दहा.

… कसं शक्य आहे? तेच मी मघापासून स्वतःला विचारतेय. पण शक्य झालंय खरं.

… मुलांना वाचवायला खोटं? साहेब, या वयात खोटंच बोलायचं तर जरा बरं नसतं का बोलले मी? मी हुशार आहे असं काहीतरी?

… पुरावा आहे ना! पुस्तकं आहेत. पान एकशे बारा, पाणी मुबलक असल्यामुळे, त्या ओळीवर रेघ. प्रत्येक पुस्तकात. … पट्टीनं मारलेली. … फोटो? पाठवतात हेडमास्तर. बाउरो, काढा फोटो. … बोट मध्ये येतंय तुमचं. … अहो, अंगठा काढा!

… काय म्हणालात? … आज सकाळी मारल्या असतील?

…

हो. मारता आल्या असत्या. पंचवीस पुस्तकं, एक पट्टी, दहा मिनिटं. तुमचं चुकलं नाही. मी तुमच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.

… जुना विद्यार्थी? जो सांगेल, की मला असंच शिकवलं होतं? … असतील की. कुणी जहाजावर आहे, कुणी मासेमारीच्या बोटीवर. … आत्ता, लगेच? … नाही साहेब. आत्ता कुणी नाही आठवत.

… नाही, तरावाला कुणी नाही. … खात्री आहे.

… का? आवाज कसला तो? खुर्ची पडली का?

… कोण उभं राहिलं?

… आरोइता, खाली बस. … साहेब, तिचं काही ऐकू नका, ती… तिला काय माहीत, ती तर… आरोइता! गप्प बस!

…

…

हो, साहेब. ऐकलं मी. … हो. माझीच विद्यार्थिनी. … हो, दुष्काळाच्या वर्षीची. … पंचावन्न पॉइंट पाच, हो. तिनंही तेच लिहिलं होतं, सुवाला, फळ्यावर. … हसले म्हणे सगळे.

… नाही साहेब. मला आणखी काही म्हणायचं नाही. … म्हणजे आहे एक. तिला शिक्षा करायची असेल तर माझ्या खात्यावर लिहा. तिनं नियम मोडला तो माझ्या चुकीपायी मोडला. … असं खातं नसतं? नसेल. विचारून पाहिलं.

… थांबते ना. थांबते. तुमचं बोलणं होऊ द्या.

… बाउरो, काय ते पुटपुटताय? … प्रार्थना? करा, करा. मोठ्यानं नको.

…

हो साहेब, आहे मी.

… अकराही?

… अकराही तपासणार. … कॉपीचा शेरा काढणार. … राकेराचाही? नाव घेऊन सांगा साहेब, राकेराचाही? … हो. … हो. … थँक्यू. देव तुमचं… थँक्यू.

आणि सातव्या प्रश्नाचे गुण? … चारपैकी दोन. … साहेब, भागाकार बरोबर आहे. कंस चौकोनी आहेत. अकरांपैकी एकही जण कंस विसरलेला नाही, बघा हवं तर. तीन द्या. … साहेब, मी मागते. बुबूस समजा. आपल्यात कुणी हात पसरून मागितलं तर नाही म्हणत नाहीत. … परीक्षेत बुबूस चालत नाही? … बरं, बरं. दोन तर दोन.

… माझा लेखी खुलासा. हो, पाठवते. … पुढच्या बोटीनं. … खुर्चीचं? हो, साहेब, ते मी समजून चालले आहे. … नाही, वाईट वाटतंय. वाईट का नाही वाटणार? तेवीस वर्षं शिकवतेय. पण ते तुमच्या वहीत लिहायचं कारण नाही. नमस्कार.

…

… आरोइता? तू घेतलास का फोन? … एकटीच आहेस? … पुन्हा जिन्याखाली?

… मूर्ख मुलगी. सांगितलं होतं ना बोलू नकोस म्हणून? … काय म्हणाले तुला? … तुलाही लेखी खुलासा? … मग मला वाचून दाखव पाठवायच्या आधी. तुझं शुद्धलेखन मला माहीत आहे.

… रडू नकोस गं. … मी? मी नाही रडत, वारा आहे इथं. … बरं, रडतेय. तुला काय त्याचं.

… राकेराला मीच सांगेन, संध्याकाळी. सगळ्यांनाच बसवते फळ्यासमोर. … हो, तेच सांगणार, बाईंचं चुकलं. तोंड बघण्यासारखं होईल त्यांचं.

आरोइता, ठेवू नकोस. एक विचारायचंय. आणि या वेळी लाजायचं नाही, शपथ आहे तुला माझी. … मी आणखी काही चुकीचं शिकवलंय का?

…

खरं सांग.

…

किती?

… थांब, थांब, एकदम सांगू नकोस. बाउरो, वर्तमानपत्राचं दुसरं पान द्या, या समासात मावायचं नाही. … हं. बोल. पहिलं?